चित्रावर फवारा मारण्यापूर्वी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मी कविता लिहिणारा माणूस. कवितेला वरून काही लावावं लागत नाही. ती धुळीनं मळत नाही आणि दमट हवेनं पांढरी पडत नाही. तिचं जे काही बरंवाईट व्हायचं ते लिहितानाच झालेलं असतं. त्यामुळे चित्रांवर फवारायच्या व्हार्निशबद्दल मी बोलायला बसलो आहे, हे ऐकून माझ्या ओळखीचे लोक हसतील. पण माणूस ज्या विषयात चुकतो त्या विषयाचा अभ्यास त्याला झक मारत करावा लागतो. माझंही तसंच झालं.

२०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला, तो तुम्हाला आठवत असेल. माझ्या अम्मीचं माहेरचं घर नदीपासून फार लांब नव्हतं. मातीच्या भिंतींचं जुनं घर ते. पाणी ओसरलं तेव्हा ओटी उरली होती आणि दारातला फणस उभा होता. बाकी सारं बसलं. घराचे फोटो कपाटात होते, ते कपाटासकट गेले. माझी भाची चित्रकलेची विद्यार्थिनी. ती पुढचे कित्येक महिने अम्मीच्या शेजारी वही घेऊन बसायची. खिडक्या किती होत्या, पडवीत झोपाळा कुठल्या बाजूला होता, पन्हळीचं पाणी कुठं पडायचं, असं विचारत विचारत तिनं कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंगांत ते घर उभं केलं. अम्मी बराच वेळ चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दार जरा बुटकं होतं." भाचीनं दार बुटकं केलं. ते घर आता जगात फक्त त्या कॅनव्हासवर आहे.

चित्र आमच्याकडे ठेवून भाची परीक्षेला मुंबईला गेली. जाताना बजावून गेली, "मामू, यावर अजून व्हार्निश व्हायचंय. मी आले की करते." सोबत आणलेला फवाऱ्याचा डबाही तिनं कपाटात ठेवला होता. मला वाटलं, पोरीचं एक काम हलकं करावं. २०२२ चा जुलै महिना, बाहेर संततधार. पाऊस आत येऊ नये म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या, चित्र टेबलावर आडवं ठेवलं आणि डासांच्या औषधासारखा फवारा मारत सुटलो. चित्र ओलंचिंब दिसेपर्यंत थांबलो नाही. पाचेक मिनिटांत शेजारच्या खोलीतून अम्मीचा खोकला ऐकू आला. तिला दमा आहे. तिला उचलून पडवीत आणली, पंप दिला, तासाभरानं श्वास ताळ्यावर आला. ती एवढंच म्हणाली, "घरात पाणी शिरलं तेव्हासुद्धा एवढा दम लागला नव्हता." आणि त्या सगळ्या वेळात स्वयंपाकघरात गॅसवर चहा उकळत होता. त्याचा अर्थ मला पुढे कळला, आणि कळल्यावर रात्री झोप लागली नाही. परत येऊन चित्र बघितलं तर घरावर दूध सांडल्यासारखा पांढरट पडदा आला होता.

एका डब्याच्या फवाऱ्यात मी किती चुका केल्या, त्या आता एकेक करून सांगतो. घरात कुणी चित्र काढत असेल तर उपयोगी पडतील. हल्ली शाळेतल्या मुलांपासून निवृत्त मंडळींपर्यंत पुष्कळ लोक ॲक्रिलिकमध्ये रंगवतात, आणि तो डबाही आता दुकानात सहज मिळतो.

आधी मूळ प्रश्न. चित्राला व्हार्निश लागतं कशाला?

तैलरंगांच्या जमान्यापासून ही रीत आहे. चित्र पुरतं वाळलं की त्यावर राळेचं पातळ, पारदर्शक आवरण द्यायचं. धूळ, धूर, बोटं लागायची ती त्या आवरणाला लागत. पन्नास-शंभर वर्षांनी ते पिवळं पडलं की जाणकार माणूस ते उतरवून नवं देई. खालचं चित्र तसंच राही. थोडक्यात, व्हार्निश म्हणजे गादीवरची चादर. मळायचं काम चादरीचं. चादर बदलता येते, गादी रोज बदलता येत नाही.

ॲक्रिलिक रंग त्या मानानं अगदी अलीकडचे. पाण्यात कालवता येणारे चित्रकारांसाठीचे ॲक्रिलिक रंग अमेरिकेत १९५० च्या दशकात बाजारात आले. यात रंगाची पूड आणि प्लॅस्टिकच्या जातीच्या राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो. तो लवचीक असतो, तैलरंगासारखा तडकत नाही. पण त्याच्या दोन खोडी आहेत. एक, तो काचेसारखा कडक कधीच होत नाही. उन्हाळ्यात आणखी मऊ पडतो, आणि मऊ पृष्ठभागावर धूळ बसली की ती रुतते. दोन, पाणी उडताना त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात, त्यांत मळ शिरतो. आपल्याकडे रस्त्याची धूळ, उदबत्तीचा धूर, फोडणीचा वाफारा हे सारं भिंतीवरच्या चित्रापर्यंत पोचतंच. मग कुणीतरी सणाला ओल्या फडक्यानं चित्र पुसतं. पाण्यानं हा पापुद्रा किंचित फुगतो आणि रंगातली काही द्रव्यं पाण्याबरोबर निघूनही येतात, हे आता संग्रहालयांतल्या अभ्यासातून नीट माहीत झालं आहे. म्हणून ॲक्रिलिकलाही चादर हवी.

याचा अर्थ प्रत्येक चित्राला ती हवीच असा नाही. काही चित्रकार मुद्दाम देत नाहीत, कारण व्हार्निशनं रंगाची झाक बदलते. काचेच्या चौकटीत जाणाऱ्या चित्रालाही तिची गरज नसते. पण उघडं टांगायचं असेल आणि पुढच्या पिढीला द्यायचं असेल, तर विचार जरूर करावा.

आता डबा निवडण्याची गोष्ट. दुकानात गेलं की पाच-सहा डबे एकसारखे दिसतात. डब्यावरची मोठी अक्षरं विकण्यासाठी असतात आणि बारीक अक्षरं वाचण्यासाठी. आपण नेमकं उलटं करतो.

पहिली गोष्ट, फिक्सेटिव्ह आणि व्हार्निश हे सख्खे भाऊ नव्हेत. फिक्सेटिव्ह कोळसा, पेन्सिल, पेस्टल यांची भुकटी कागदावर धरून ठेवायला असतं. त्याचा थर अगदी विरळ असतो आणि धूळ-मळ अडवायचं काम त्याचं नाही. रंगवलेल्या कॅनव्हासला शेवटचं आवरण द्यायचं तर डब्यावर व्हार्निश असं लिहिलेलं हवं आणि ते ॲक्रिलिक चित्रांसाठी चालतं असंही लिहिलेलं हवं.

दुसरी गोष्ट, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं लाकडाचं किंवा गाडीचं पारदर्शक लॅकर चित्राला मारू नये. ते स्वस्त पडतं, चकाकतंही सुरेख. पण अशा काही लॅकरमध्ये नायट्रोसेल्युलोज असतं, ते काही वर्षांत पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. काहींतलं द्रावक इतकं जहाल असतं की खालचा ॲक्रिलिकचा पापुद्राच मऊ होऊन सुरकुततो. आणि मुख्य म्हणजे ते पुढे चित्राला धक्का न लावता उतरवता येत नाही. केसांना मारायचा स्प्रेही काही मुलं वापरतात. तोही पिवळा पडतो आणि चिकट राहतो. केसांसाठी बनवलेली वस्तू केसांनाच लावावी.

तिसरी गोष्ट, डब्यावर 'काढता येण्याजोगं' असं लिहिलं आहे का ते बघावं. असं व्हार्निश पुढे विशिष्ट द्रावकानं उतरवता येतं. मात्र ते उतरवताना खालच्या रंगाला झळ लागू नये म्हणून जाणकार चित्रकार आधी एक कायमचा पारदर्शक ॲक्रिलिक थर देतात आणि त्यावर व्हार्निश देतात. मघाची उपमा चालवायची तर गादीला आधी घट्ट शिवलेला अभ्रा आणि त्यावर चादर. हा मधला थर ब्रशनं लावता येतो. चमकदार ॲक्रिलिक जेल थोड्या पाण्यात पातळ करून लावण्याची रीत आहे. तो एकदा लागला की निघत नाही, म्हणून आधी जुन्या तुकड्यावर हात बसवावा.

चौथी गोष्ट चमक. ग्लॉस म्हणजे चकचकीत, मॅट म्हणजे बिनचमकीचं, सॅटिन दोहोंच्या मधलं. ग्लॉसनं रंग गडद आणि ओले दिसतात, पण समोर दिवा असला की चित्राऐवजी दिवाच दिसतो. मॅटमध्ये ही चमक मोडण्यासाठी सिलिकाची बारीक पूड घातलेली असते. थर वाढले की तीच पूड काळ्या-निळ्या रंगांवर राखेसारखी दिसू लागते. म्हणून अनुभवी लोक आधीचे थर ग्लॉसचे देतात आणि फक्त शेवटचा मॅटचा. मी जो डबा रिकामा केला तो मॅटचा होता, हे वेगळं सांगायला नको.

पाचवी गोष्ट, ऊन अडवणारं व्हार्निश. काही डब्यांवर अतिनील किरणांपासून संरक्षण असं लिहिलेलं असतं. त्याचा उपयोग होतो, पण तो पुरेसे थर दिले तरच, आणि तोही मर्यादित. कच्चा रंग त्यानं पक्का होत नाही. चित्र उन्हाच्या तिरिपेत टांगू नये, हा जुना उपाय अजूनही सगळ्यांत स्वस्त आहे.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. ज्यांच्याकडे गच्ची, अंगण किंवा मोकळी ओसरी नाही, त्यांनी फवाऱ्याच्या वाटेला जाऊच नये. ब्रशनं लावायचं पाण्याचं व्हार्निश मिळतं. त्याचा वास सौम्य असतो आणि त्यात पेट घेणारा वायू नसतो. रुंद मऊ ब्रशनं, फेस न होऊ देता, पातळ हातानं लावलं तर सपाट चित्रावर ते उत्तम बसतं. लावताना खिडकी उघडी ठेवावी एवढंच. फवारा खरा कामाला येतो तो दोन ठिकाणी. रंगाचे उंचवटे इतके असतील की ब्रशचा फेस खाचांत साचेल, किंवा वर शाईचं, कोळशाचं काम असेल आणि ब्रशनं ते फिसकटेल. बाकी ठिकाणी फवारा ही सोय आहे, सक्ती नाही.

आता त्या दुधाच्या पडद्याकडे येऊ. इंजेक्शन देण्याआधी नर्स दंडाला स्पिरिट लावते तेव्हा गार लागतं, ते कशामुळे? स्पिरिट उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. व्हार्निशमधलं द्रावकही असंच झपाट्यानं उडतं आणि चित्राचा पृष्ठभाग गार पाडतं. हवा कोरडी असेल तर काही बिघडत नाही. पण कोकणातल्या जुलैत हवेत आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. गार पेल्यावर बाहेरून पाणी जमतं तसं त्या गार पडलेल्या थरावर दव जमतं आणि ओल्या व्हार्निशमध्ये अडकतं. पाणी पुढे उडून जातं, पण मागे बारीक बारीक पोकळ्या ठेवून जातं. प्रकाश त्यांत विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. जितका थर जाड, तितका हा दोष मोठा.

बऱ्याच डब्यांवर ६० ते ७० टक्क्यांच्या खाली आर्द्रता असावी असं लिहिलेलं असतं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते नसेल तर घरचं यंत्र आहेच. तळलेला पापड ताटात ठेवा. घटकाभरात तो मऊ पडला, बरणीतल्या मिठाला पाणी सुटलेलं दिसलं, तर तो दिवस फवाऱ्याचा नव्हे. आपल्याकडे दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सर्वांत चांगले. त्यातही पहाटे नको, दव असतं. ऊन चांगलं वर आल्यावर, पण सावलीत. थेट उन्हात किंवा फार लांबून फवारलं तर थेंब चित्रापर्यंत पोचायच्या आतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. वारं सुटलं असेल तर धूळ आणि पाचोळा व्हार्निशमध्ये कायमचा मुक्कामाला येतो.

चित्रही पुरतं वाळलेलं हवं. ॲक्रिलिक हाताला तासाभरात कोरडं लागतं, पण आत पाणी असतं. पातळ रंगाला निदान तीन दिवस, जाड थरांना दोन-तीन आठवडे, पावसाळ्यात त्याहून अधिक. ही घाई करू नये.

आता हात कसा चालवायचा ते सांगतो. मऊ कोरड्या ब्रशनं चित्रावरची धूळ झाडावी. डबा दोन मिनिटं चांगला हलवावा. आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून दोन मिनिटं धरायची. आधी जुन्या कॅनव्हासवर किंवा पुठ्ठ्यावर, त्याच रंगांचे चार फटकारे मारून, त्यावर एक थर देऊन बघावं. मग चित्र जवळपास उभं ठेवावं आणि साधारण २५ ते ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे एका फूटपट्टीच्या अंतरावरून, फवारावं. फवारा चित्राच्या बाहेर सुरू करायचा, एका संथ गतीनं आडवा न्यायचा आणि पलीकडच्या कडेबाहेर गेल्यावरच बोट उचलायचं. सुरुवातीला आणि शेवटी मोठे थेंब पडतात, ते चित्रावर पडू नयेत म्हणून. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. थर इतका पातळ हवा की काही झालंच नाही असं वाटावं. डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्यावं, मग चित्र पाव वळण फिरवून दुसरा थर द्यावा. असे तीन पातळ थर हे एका जाड थरापेक्षा केव्हाही बरे. काम संपल्यावर डबा उलटा धरून एकदा दाबावा, म्हणजे नुसता वायू येऊन तोंड साफ होतं.

नंतर दोन-तीन दिवस चित्र धुळीपासून जपावं. गुंडाळायची वेळ आली तर फुग्यांचं प्लॅस्टिक थेट चित्राला लावू नये, त्याचे गोल ठसे उमटतात. मध्ये सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद घालावा.

हे झालं चित्राचं. आता माणसाचं, आणि ते जास्त महत्त्वाचं.

त्या डब्यात काय असतं? व्हार्निशची राळ, ती विरघळवणारं द्रावक आणि ते बाहेर ढकलणारा वायू. द्रावक म्हणजे ॲसिटोन, झायलिन, टोल्युइन यांच्या जातीचं काहीतरी. त्यानं डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं, चक्कर येते, दमेकऱ्याची श्वासनलिका आवळते. वर्षानुवर्षं हुंगत राहिलं तर मज्जासंस्थेलाही ते बाधतं. आणि ढकलणारा वायू? बहुतेकदा प्रोपेन आणि ब्युटेन. म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये जे असतं तेच. फरक इतकाच की सिलिंडरमधला वायू गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास घातलेला असतो. डब्यातल्या वायूला तो वास नसतो. हा वायू आणि द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असतात. त्या जमिनीलगत सरपटत शेजारच्या खोलीत जातात आणि ठिणगी मिळाली की भडका उडतो.

आता आठवा, मी बंद खोलीत डबा रिकामा करत होतो आणि शेजारी गॅसवर चहा होता. वाचलो ते माझ्या शहाणपणानं नाही.

म्हणून नियम तेच, जे गॅस गळल्यावर आपण पाळतो. जवळपास चूल, शेगडी, निरांजन, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, विडी-सिगारेट काही नको. फवारताना विजेची बटणं चालू-बंद करू नयेत. घरगुती पंख्याच्या मोटारीतही ठिणगी पडू शकते, तेव्हा वास खेचायला तो लावणं हा भाबडा उपाय आहे. सगळ्यांत चांगलं म्हणजे घराबाहेर फवारावं. मोठं खोकं एका बाजूनं कापून आडोसा करावा, त्यात चित्र ठेवावं आणि वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहावं. शेजाऱ्यांची खिडकी समोर असेल तर त्यांना आधी सांगावं. फवारलेलं चित्र लगेच झोपायच्या खोलीत आणू नये, वाळताना त्यातून वाफ निघतच असते. एक दिवस बाहेर, पण पावसा-दवापासून झाकलेल्या जागी ठेवावं.

लहान मुलं, गरोदर बाई, दमेकरी यांना त्या वेळात लांब ठेवावं. घरात पिंजऱ्यातला पोपट असेल तर त्यालाही. पाखरांची फुप्फुसं अशा वाफांना फार नाजूक असतात.

मास्कचं काय? करोनाच्या काळात घराघरांत एन-९५ मास्क आले. ते कण अडवतात, वाफ अडवत नाहीत. वास येत असेल तर वाफ आत जाते आहे असं समजावं. वारंवार फवारणाऱ्यांनी सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या डब्या लावलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घ्यावा. त्याच्या डब्याही ठरावीक वापरानंतर बदलाव्या लागतात. माझ्यासारख्या दाढीवाल्यांसाठी आणखी एक सूचना, दाढीवर तो मास्क घट्ट बसत नाही. तेव्हा आम्ही उघड्यावर जावं किंवा ब्रश हाती घ्यावा. हातात नायट्राइलचे मोजे आणि डोळ्यांना चष्मा असावा. डोळ्यात गेलंच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुऊन डॉक्टर गाठावा. चक्कर आली तर लगेच मोकळ्या हवेत यावं, 'एवढा कोपरा संपवतो' म्हणू नये.

डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये, ५० अंशांच्या वर तापला तर तो फुटू शकतो. रिकामा झाला तरी भोक पाडू नये आणि पाचोळ्याबरोबर जाळू तर मुळीच नये. कचऱ्याच्या गाडीवर वेगळा देऊन, काय आहे ते सांगावं. प्रदर्शनाला विमानानं जाणाऱ्यांनी तो सामानात घालू नये, तिथं त्याला मनाई आहे.

काही वस्तूंवर मात्र फवारा मारायचा मोह आवरावा. चित्र ॲक्रिलिकमध्ये आहे की पोस्टर रंगात, हे ठाऊक नसेल तर एका कोपऱ्यात किंचित ओल्या कापसाचा बोळा टेकवून बघावा. कापसाला रंग लागला तर तो बहुधा पोस्टर किंवा जलरंग. अशा कागदावरच्या कामाला काचेची चौकट हेच खरं संरक्षण. जुनी पत्रं, हस्तलिखितं, फोटो यांवर तर कधीच फवारू नये. माझ्याकडे अब्बांची हातानं लिहिलेली एक वही आहे. तिची पानं ठिसूळ झाली आहेत. व्हार्निश हाताशी असताना मला तीही टिकवायची हुक्की आली होती. ती आवरली, हे माझं त्या वर्षातलं एकमेव शहाणं काम. कागदात एकदा शिरलेलं ते द्रव्य पुन्हा निघत नाही.

आता चित्राचं काय झालं ते सांगतो. भाची परत आली. रागावली नाही, पण बराच वेळ बोललीही नाही. मग म्हणाली, "मामू, आता काही करायचं नाही. घासायचं नाही, पुसायचं नाही. थंडीपर्यंत थांबायचं." तिनं तिच्या चित्रकलेच्या सरांना विचारून घेतलं. डिसेंबरच्या एका कोरड्या दुपारी अंगणात तिनं त्याच कंपनीच्या ग्लॉस व्हार्निशचा पातळ थर आधी एका कोपऱ्यावर दिला. नव्या थरातलं द्रावक जुना थर किंचित मऊ करतं, आतल्या पोकळ्या मिटतात आणि पांढरेपणा जातो, असं तिनं मला समजावलं. आणि तो गेला. मग तिनं उरलेल्या चित्रावर दोन पातळ थर दिले. आधी फणस परतला, मग पडवी, मग ते बुटकं दार. अम्मी खुर्ची टाकून लांब बसली होती, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, भाचीनं आखून दिलेल्या जागी.

सगळं मात्र परतलं नाही. डाव्या कोपऱ्यात विहिरीपाशी मी फवारा सर्वांत जास्त मारला होता. तिथं मॅटच्या पुडीचाच जाड थर बसला आहे. तो पांढरेपणा दवाचा नव्हे, त्यामुळे ग्लॉसनं तो गेला नाही. ते उतरवायचं तर स्पिरिटनं सबंध थर काढावा लागेल, आणि खाली मधला थर दिलेला नसल्यामुळे रंगही निघायची भीती आहे. भाची म्हणाली, राहू दे. अम्मी म्हणाली, विहिरीवर पहाटे धुकं असायचंच.

एक शेवटची गोष्ट सांगायची राहिली, आणि ती भाचीकडूनच शिकलो. चित्र पुरं झालं की मागच्या बाजूला, कॅनव्हासवर नव्हे तर लाकडी चौकटीवर, कोणतं व्हार्निश, कसलं, किती थर, कधी दिलं ते लिहून ठेवावं. पन्नास वर्षांनी कुणी ते साफ करायला घेतलं तर त्याला अंधारात चाचपडावं लागत नाही. तिनं पेन्सिलीनं सगळं लिहिलं आहे. व्हार्निशचं नाव, ग्लॉस, थर किती, डिसेंबर २०२२. त्याच्या वर आणखी एक ओळ आहे: मॅट, एक जाड थर, जुलै २०२२, हात मामूचा.

ती ओळ खोडायची विनंती मी अजून केलेली नाही.